अडकित्ता हातात घेशील तेव्हा

बाय, दादाच्या लग्नात पानसुपारीचं तबक तुझ्याकडे आलंय आणि सुपारी घरची, हातानं कातरलेलीच ठेवायची असा हट्ट तू धरलायस. तो मला फार आवडला, म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवते. कापलेली सुपारी बाजारात पाकिटात मिळते, तबक तिनंही भरतं. पण ती कुठल्या वाडीतली, केव्हा कातरलेली, आतून किडकी होती की बुरशी धरलेली, यातलं काही म्हणता काही कळत नाही. दारी आलेल्या माणसाच्या तळहातावर आपण जे ठेवतो, ते आधी आपल्या नजरेखालून गेलेलं असावं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात राहायचं आणि परक्या सुपारीवर पाहुण्याची बोळवण करायची, हे मला तरी पटत नाही.

मला हे मामंजींनी शिकवलं. नव्या सुनेला आधी चुलीपाशी बसवण्याचे ते दिवस, पण त्यांनी मला ओटीवर बोलावून समोर अडकित्ता ठेवला. त्यांचं म्हणणं एकच होतं, की कातरताना हातानं फक्त मिटायचं, बाकीचं काम त्याआधी उरकलेलं असलं पाहिजे. सुपारी पारखून घेतलेली, भिजून मऊ झालेली, अडकित्त्याला धार आणि बसायला जागा, एवढं असलं की जोर लागत नाही. जोर लागतोय असं वाटलं की थांबायचं आणि मागचं काय राहून गेलं ते बघायचं. मी पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका म्हणण्यातूनच आलेलं आहे.

तर आधी सुपारी ओळखायची.

आपल्याकडची ती रोठा. झाडावर पूर्ण पिकू द्यायची, साल केशरी झाली की घड उतरवायचा आणि सालासकट अंगणात उन्हात पसरायची. चांगलं ऊन असलं तरी दीड महिना लागतो. अधूनमधून हात फिरवून खालची वर करायची, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करायची. घाई करून अर्धवट वाळलेली सोलली तर आतला गर ओलसर राहतो आणि डब्यात गेल्यावर काळा पडतो. घड उतरवायला येणारा पाडेली तू लहानपणी पाहिलास. एका पोफळीचे घड काढून झाले की खाली न उतरता झाडालाच झोका द्यायचा आणि शेजारची पोफळ पकडून तिच्यावर जायचा. तू खाली डोळे मिटून उभी राहायचीस. असे गडी आता फार थोडे उरलेत. म्हणून मी कुणालाही सुपारी वाया घालवू देत नाही.

दुसरं कारण तुला ठाऊकच आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा या बाजूच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ उंच आणि सडपातळ, तिला वारा सोसवत नाही. नारळ वाकून पुन्हा उभा राहील, पोफळ मधूनच मोडते. नवं रोप लावलं तर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. त्या वर्षी लावलेली रोपं आत्ता कुठे हाताशी येताहेत. तुझ्या तबकात जी सुपारी पडेल तिच्यात जुन्या, वाचलेल्या झाडांचीच जास्त असेल.

निवडताना एकेक हातात घे. एका बाजूनं चपटी, दुसऱ्या बाजूनं निमुळती, आणि चपट्या बाजूच्या मधोमध एक बारीक खळगा, असा तिचा आकार. हा खळगा आधी बघ. तिथे काळं किंवा पांढरट बुरशीसारखं दिसलं तर बाजूला टाक. मग अंगावर टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे का ते पाहा. भोक म्हणजे आत कीड शिरून गेली, वरून कितीही गुळगुळीत दिसली तरी आत पीठ झालेलं असतं. मग वजन. आकाराच्या मानानं हातात जड लागली पाहिजे. हलकी लागली की ती आतून पोकळ, बहुतेक न पिकता गळलेली. पावसाळ्यात कोळेरोग आला की कोवळी फळं ढिगानं गळतात. बोर्डो मिश्रणाची फवारणी पाऊस लागायच्या आधी झाली नाही तर हे ठरलेलंच. तसली गळीव सुपारीही सुकवून कुणी कुणी चांगल्यात मिसळतं. कोवळी सुपारी तुरट जास्त असते, पिकेल तसा तुरटपणा कमी होत जातो, त्यामुळे मिसळ असली की जिभेला लगेच कळतं.

शेवटची परीक्षा कानाची. दोन सुपाऱ्या एकमेकींवर आपटून बघ. टणक, कोरडा आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर ओल आहे किंवा पोकळी आहे.

एवढं करूनही ढिगातली एक वानगीला कातरून पाहा. कापलेला भाग पांढरा दिसायला हवा, त्यात कडेकडून आत शिरणाऱ्या तांबूस रेषा असाव्यात. आपल्या श्रीवर्धनी रोठ्याचं नाव आहे ते या पांढऱ्या गरामुळे आणि त्याच्या सौम्य चवीमुळे. रेषाच रेषा आणि पांढरं कमी असेल तर सुपारी पुरती पिकलेली नव्हती. श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे. वाडीबद्दल काही अडलं तर तिथे जाऊन विचारायला लाजू नकोस. माझ्याकडे जे आहे ते हाताचं ज्ञान, झाडाच्या रोगाचं त्यांना विचारावं.

लग्नाच्या तबकासाठी मध्यम आणि एकसारख्या आकाराच्या सुपाऱ्या वेगळ्या काढ. लहान-मोठ्या एकत्र घेतल्या की कातर एकसारखी पडत नाही आणि तबक विस्कटलेलं दिसतं.

आता भिजवणं. नव्या हंगामातली सुपारी थोडी नरम असते, ती तशीच कातरली तरी चालते. वर्ष उलटलेली रोठा मात्र फार टणक होते. तिच्यावर कोरडाच अडकित्ता चालवला तर एक तर ती फुटून तिचे वेडेवाकडे तुकडे होतात, नाही तर पात्याला दातरे पडतात. आदल्या रात्री पाण्यात घाल. सकाळी उपसून पुसून घे आणि ओलसर फडक्यात बांधून दुपारपर्यंत ठेव. पाणी आतपर्यंत जिरलं पाहिजे आणि वरचं अंग कोरडं झालं पाहिजे. अंग ओलं असताना कातरायला बसलीस तर सुपारी बोटांतून निसटते, आणि बोटाला लागतं ते तेव्हाच. कातरून झालेली सुपारी सुपात पसरून सावलीत खडखडीत वाळव. ओलसर कातर डब्यात भरलीस तर दोन-चार दिवसांत बुरशी धरेल. वरून न दिसणारी बुरशीसुद्धा पोटाला वाईट. लग्न पावसाळ्याच्या तोंडावर नाही हे चांगलं आहे, तरी आपल्या किनाऱ्याच्या हवेवर भरवसा ठेवू नकोस.

अडकित्ते आपल्या घरात दोन आहेत. पितळी, मोराचा, तो तबकात ठेवायचा. कातरायचं काम माजघरातल्या काळ्या लोखंडी अडकित्त्यावर कर. मोराचा अडकित्ता दिसायला देखणा आहे, पण त्याच्या पितळी दांड्यात दम नाही, टणक सुपारीवर जोर दिला की खिळ्यापाशी हलतो. तो मामंजींच्या आईचा. पुण्याला गेलीस की बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा आणि तिथले अडकित्ते सावकाश बघ. दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून घरातल्या वापरातल्या वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं संग्रहालय केलं आणि 1975 मध्ये सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. मोर, पोपट, घोडे, माणसांच्या जोड्या, असले कितीतरी आकार तिथे आहेत. गुजरातेत जामनगरचे अडकित्ते नावाजलेले, त्यांना तिकडे सूडी म्हणतात. एवढ्याशा हत्यारावर लोकांनी एवढी कलाकुसर का केली असेल ते तिथे उभं राहिलं की आपोआप समजतं. आलेल्या माणसासमोर बसून, त्याच्याशी बोलत बोलत हे हत्यार चालवायचं असायचं, त्याची नजर सगळा वेळ आपल्या हातावर असायची.

लोखंडी अडकित्ता बाहेर काढलास की आधी खिळा तपास. दोन्ही दांडे धरून आडवे हलव. पातं डावी-उजवीकडे डुगडुगत असेल तर ते सुपारीतून सरळ जाणार नाही, कडेला घसरेल. खिळा सैल असेल तर लोहाराकडून ठोकून घे, घरी दगडानं ठोकू नकोस. मग अडकित्ता मिटून खिडकीकडे धर. पातं आणि खालचा जाड भाग यांच्यामधून उजेड दिसला तर कुठेतरी वाकलंय. धार बघायला बोट लावू नकोस, जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा कापून बघ. स्वच्छ कापला तर झालं, फाटला तर निसण्यावर घास. घासताना पात्याची उतरती बाजू तेवढी घासायची. सपाट बाजू निसण्यावर नुसती टेकवून एकदा ओढायची, म्हणजे धारेला आलेली कूस निघते. ती सपाट बाजूही घासत बसलं की पातं आणि खालचा भाग एकमेकांना भिडेनासे होतात. मग तो अडकित्ता सुपारी कातरत नाही, चेंगरतो.

बसायची जागा उजेडाची हवी. पाटावर मांडी घालून बस, पुढ्यात पसरट ताट घे, ताटाखाली फडकं टाक म्हणजे ते सरकणार नाही. लहान मुलांना समोर बसू देऊ नकोस. तुकडा उडाला तर नेमका समोरच्याच्या तोंडावर जातो, आणि सुपारीचा तुकडा डोळ्याला लागणं ही साधी गोष्ट नव्हे. तूही चष्मा लावून बस.

आता मुख्य गोष्ट. अडकित्ता उजव्या हातात असा धर की खालचा दांडा तळहाताच्या बुंध्यावर टेकेल आणि वरचा दांडा चार बोटांच्या आत येईल. उघडताना बोटांनी उघडायचा, दुसरा हात लावायचा नाही. डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि तर्जनीनं सुपारी कडेनं धरून खालच्या जाड भागावर ठेव. ठेवायची खिळ्याच्या जवळ. पुढे टोकाकडे ठेवलीस तर दुप्पट जोर लागतो आणि सुपारी पुढे निसटते. खिळ्याजवळ ठेवलेल्या सुपारीवर लांब दांड्याचा सगळा जोर उतरतो, पहारीसारखा.

सुपारी ठेवताना चपटी बाजू खाली. निमुळतं टोक वर, पात्याच्या बरोबर खाली. गोल अंगावर पातं टेकलं की ते घसरतं, कारण त्याला पकड मिळत नाही. चपटी बाजू खाली बसली की सुपारी हलत नाही. पातं टोकावर नुसतं टेकव आणि थांब. या क्षणी घाई करायची नाही. हलकेच दाब दे, पातं किंचित आत शिरल्याचं बोटांना कळतं. ते कळलं की डाव्या हाताची बोटं मागे घे, तळवा वरून ओंजळीसारखा झाक आणि मग अडकित्ता एका दमात मिट. मध्ये सोडायचं नाही, उघडून पुन्हा दाबायचं नाही, दांडा वळवायचा नाही. एकदा शिरलेलं पातं पुरतं खाली गेलं पाहिजे. अर्ध्यात सोडून पुन्हा दाबलं की दुसरा काप पहिल्याच्या जागी पडत नाही, मध्ये चुरा होतो आणि सुपारीचे दोन स्वच्छ भाग न होता चार तुकडे होतात.

मिटल्याचा आवाजही नीट ऐक. बरोबर कातरली गेली तर एकच, आखूड आवाज येतो. कडकड असा लांब आवाज आला तर सुपारी कातरली गेली नाही, फुटली. भिजवणं कमी पडलं किंवा धार गेली.

भावोजी, म्हणजे तुझे धाकटे आजोबा, बोटीवर नोकरीला होते. आपल्या बाजूच्या कितीतरी घरांतली माणसं बोटीवर जायची. ते सुट्टीवर आले की ओटीवर बसून मला कातरताना बघायचे आणि सिगार कापण्याच्या गोष्टी सांगायचे. सिगारच्या ओठाकडच्या टोकाला तंबाखूच्याच पानाची एक टोपी डिंकानं चिकटवलेली असते. ती कापल्याशिवाय धूर ओढता येत नाही, पण जास्त कापली तर वरचं गुंडाळलेलं पान उलगडत जातं आणि सिगार हातात सुटा होतो. म्हणून टोपीचा वरचा जरासा भाग, जेमतेम दोन मिलिमीटर, तेवढाच उडवायचा, टोपीची खालची कड शाबूत ठेवायची. बोटीवरचे जुने अधिकारी सिगार डोळ्यांसमोर आडवा धरून, पातं टेकवून, क्षणभर थांबून, एका झटक्यात कापायचे. दातांनी टोक तोडणारा किंवा बोथट सुरीनं करवत चालवणारा माणूस त्यांना खपायचा नाही. आपल्याकडचा तिरुचिरापल्लीचा चिरूट तेवढा वेगळा, तो दोन्ही टोकांना आधीच मोकळा कापलेला असतो, त्याला हत्यार लागतच नाही. भावोजी म्हणायचे, वहिनी, तुमचं आणि त्यांचं कौशल्य एकच, टेकवायचं, थांबायचं आणि एकदाच मिटायचं. तंबाखूला मी या घरात कधी थारा दिला नाही आणि तूही देऊ नकोस. पण हाताची शिस्त मात्र ते बरोबर ओळखून होते.

दोन भाग झाले की पुढचं सोपं. कापलेली सपाट बाजू खाली ठेव आणि एका कडेपासून कातरत ये. आता सुपारी स्थिर बसते, त्यामुळे पात्याला घसरायला जागा नसते. प्रत्येक काप झाला की डाव्या अंगठ्यानं सुपारी केसभर पुढे सरकवायची. केवढी पुढे सरकवतेस त्यावर कातर जाड की पातळ ते ठरतं, हाताच्या जोरावर नाही. पातळ काप उजेडाकडे धरलास तर तांबूस रेषांमधून उजेड आरपार दिसला पाहिजे. ही खरी कातर. अंगठा पात्याच्या रेषेत कधी आणू नकोस, नेहमी मागे. अर्ध्या भागाचा शेवटचा तुकडा उरतो तो धरायला जातेस तेव्हाच बोट कापतं. तो तुकडा कातरायचाच नाही. वेगळ्या वाटीत टाक, त्याचा भरडा होईल.

कुणाला काय द्यायचं हे कातरण्याआधीच ठरवून ठेव. विड्यात घालायला पातळ कातर. पूजेच्या दक्षिणेबरोबर किंवा गुरुजींच्या विड्याला खांड चालतं, म्हणजे एका सुपारीचे मोठे चार भाग. ज्यांचे दात गेलेत त्यांना ना कातर, ना खांड. त्यांचं पानच छोट्या खलबत्त्यात कुटून द्यायचं, आणि ते त्यांनी मागायच्या आत. पलीकडच्या घरातल्या आजींपुढे तबक धरून, मग त्या नको म्हणाल्या की पुढे जायचं, असं करू नकोस. त्यांना हवं असतं, चावता येत नाही म्हणून त्या नको म्हणतात.

देवापुढची सुपारी कातरायची नाही. गणपती म्हणून जी सुपारी तांदळावर मांडतात ती अखंड हवी, भोक नसलेली, टोक न मोडलेली. ती आधीच वेगळी काढून देव्हाऱ्याशेजारी ठेव, म्हणजे ऐन वेळी ढिगातून शोधायला लागणार नाही. पूजा झाल्यावर ती आपल्या घरी कुणी खात नाही, वाडीतल्या पाण्यात सोडतात.

आता जे सांगते ते जरा थांबून वाच. आपलं घर सुपारीवर उभं राहिलं. तुझ्या बाबांचं शिक्षण, तुझ्या आत्यांची लग्नं, सगळं या वाडीनं केलं. तरी मी तुला सांगते, सुपारी रोज खायची वस्तू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तंबाखू नसली तरीही, नुसत्या सुपारीनं माणसाला कर्करोग होतो असं स्पष्ट म्हटलंय. रोज सुपारी गालात धरून ठेवणाऱ्यांच्या तोंडातली त्वचा हळूहळू ताठ होते, तोंड पुरतं उघडेनासं होतं, साधं तिखटही झोंबतं. गावातली तरुण मुलं पुड्या फाडून तोंडात ओततात. महाराष्ट्रानं 2012 मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली, तरी पुडी मिळायची ती मिळतेच. त्या पुडीत सुपारी असते एवढंच आपलं तिचं नातं, आणि मला त्या नात्याची लाज वाटते.

पातळ कातरायचं याचंही कारण तेच. मामंजींच्या वेळी हे अहवाल नव्हते, पण एका सुपारीत ओटीवरची सगळी माणसं झाली पाहिजेत असा त्यांचा कटाक्ष असायचा. कातर जेवढी पातळ तेवढी पानात पसरते, थोडीच पुरते, आणि चावून लगेच संपते, गालात साठून राहत नाही. तबकात सुपारीच्या बरोबरीनं बडीशेप, खडीसाखर, वेलदोडे भरपूर ठेव आणि ते आधी पुढे कर. लहान मुलांनी हात पुढे केला तर खडीसाखर द्यायची, सुपारी नाही, कितीही मागू देत. पोटुशी असलेल्या बाईलाही सुपारी पुढे करू नये. कुणी नको म्हणालं तर आग्रह करायचा नाही. जेवणाचा आग्रह कर हवा तेवढा.

एखाद्याला सुपारी लागते, हे तुला माहीत असावं. सवय नसलेल्या माणसाला, विशेषतः उपाशीपोटी, अचानक घाम फुटतो, कानशिलं गरम होतात, छातीत धडधडतं, गळ्यात काही अडकल्यासारखं वाटतं. घाबरून जायचं नाही. तोंडातलं थुंकायला लाव, चूळ भरायला दे, वाऱ्याला बसव, घोट घोट पाणी दे. थोड्या वेळात उतरतं. छातीत कळ येत असेल किंवा धाप थांबत नसेल तर मात्र घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ डॉक्टरकडे न्यायचं. लग्नघरात कुणीतरी गाडीची चावी घेऊन तयार असलं पाहिजे, हे दादाच्या मित्रांपैकी एकाला आधीच सांगून ठेव.

तबक धरायची रीतही ऐक. अडकित्ता तबकात नेहमी मिटलेला, दांडे समोरच्याकडे, पातं आपल्याकडे. उघडा अडकित्ता हातातून हातात द्यायचा नाही. तबकात किंवा जमिनीवर ठेवायचा, त्यानं उचलून घ्यायचा. रिकामा अडकित्ता उघड-मीट करत बसायचं नाही. आमच्या लहानपणी मोठी माणसं म्हणायची, त्यानं घरात भांडणं होतात. भांडणं होतात की नाही ते राहू दे, पातं मात्र खालच्या लोखंडावर आपटून बोथट होतं, ते मी पाहिलंय.

पाहुण्यापुढे कातरायची वेळ आलीच, म्हणजे समजा शहरातल्या कुणाला बघायची हौस असली, तर कातरताना बोलू नकोस. पहिला काप होईपर्यंत नजर पात्यावर. दोन भाग झाले की मग बोल, हस, काय हवं ते कर.

लग्नासाठी सुपारी कातरायची ती चार-पाच दिवस आधी. त्याहून लवकर कातरून ठेवलीस तर तिचा ताजेपणा जातो, रंग उतरतो. एका बैठकीत फार कातरू नकोस. मनगट दुखायला लागलं की हात नकळत वळतो आणि काप तिरके पडतात. मधून मधून उठून अंगणात चक्कर मार. दोघीजणी बसलात तर एकीनं कातरायचं आणि एकीनं चाळायचं, मग अदलाबदल करायची. काकूला बरोबर घे. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, ती सांगत नाही एवढंच.

कातरून झाली की गव्हाच्या चाळणीनं चाळ. वर उरेल ती कातर तबकासाठी. खाली पडणारा चुरा आणि वाटीतले शेवटचे तुकडे एकत्र करून खलबत्त्यात जाडसर कुटलेस की भरडा झाला. तो तुपाच्या हातानं मंद आचेवर परतून, बडीशेप आणि भाजलेलं सुकं खोबरं जास्त, सुपारी अगदी थोडी, असा डबा भर. मोठ्या माणसांना जेवणानंतर चिमूटभर पुरतो. लहानांच्या हाती लागणार नाही असा वर ठेव.

आणि अडकित्ता त्याच दिवशी पुसून ठेवायचा, उद्यावर टाकायचं नाही. आपल्याकडची खारी हवा लोखंडाला एका रात्रीत तांबेरा आणते. सुपारीचा तुरट रस पात्यावर राहिला की काळे डाग पडतात, तेही लवकर निघत नाहीत. कोमट पाण्याच्या फडक्यानं पूस, लगेच कोरड्या फडक्यानं पूस, पात्याला आणि खिळ्याला खोबरेलाचं बोट लाव आणि जास्तीचं तेल पुसून काढ, कारण खोबरेल साचलं की चिकट होऊन खिळा अडतो. मग जुन्या सुती फडक्यात गुंडाळून मधल्या कपाटात, वरच्या कप्प्यात. चिंचेनं लख्ख केलेला मोराचा अडकित्ता मात्र तबकातच राहू दे. लग्न झालं की तो तुझ्याकडेच ठेव, परत करायला येऊ नकोस.